निवृत्तीनंतर मोडी शिकताना: माळ्यावरच्या पेटीपासून दफ्तरखान्यापर्यंत

बँकेत चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झाले. पहिले दोन महिने माळे आवरण्यात, राहिलेली लग्नं-बारशी उरकण्यात आणि दोन देवदर्शनांत गेले. तिसऱ्या महिन्यात दुपारी अंगावर यायला लागल्या. जेवण होऊन ओटा पुसला की दीड वाजायचा, आणि चहाला साडेचार. मधले तीन तास मला रोज विचारायचे, आता काय?

त्याच सुमारास माहेरचं जुनं घर उतरवायला काढलं. माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. आत लाल फडक्यात बांधलेले कागद होते आणि सगळे मोडीत, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या, भरभर चालणाऱ्या लिपीत. माझ्या वडिलांना मोडी यायची, पण ते जाऊन बारा वर्षं झालेली. घरात कोणालाच एक ओळ वाचता येईना. काकू म्हणाली, नदीत सोडून द्या. मी पेटी घरी आणली.

त्याला आता चार वर्षं झाली. त्या पेटीतले बहुतेक कागद मी वाचले आहेत आणि इतरांचेही वाचून देते. सुरुवातीला कोणी नीट सांगणारं नसल्यामुळे माझं पहिलं वर्ष बरंचसं वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, त्या क्रमाने हे लिहिते आहे. तुमच्या घरात असे कागद नसले तरी चालेल, मोडी कागदांचा तुटवडा महाराष्ट्रात नाही. वाचणारे मात्र कमी आहेत.

१. आधी कागद वाचवा, वाचायचं नंतर

पेटी सापडल्यावर पहिला मोह होतो तो कागद उलगडून बघण्याचा. दोन दिवस थांबा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मोठ्या टेबलावर पांढरी, धुतलेली सुती चादर पसरा. रुमाल, म्हणजे ज्या फडक्यात कागद बांधलेले असतात ते बासन, सोडताना कागद ज्या क्रमाने निघतील तो क्रम मोडू नका. एकाच व्यवहाराचे कागद बहुधा एकत्र बांधलेले असतात आणि पुढे अर्थ लावताना हाच क्रम उपयोगी पडतो. प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने अगदी हलका क्रमांक घाला. पेन वापरू नका.

घडीवर फाटायला आलेला कागद ओढून सरळ करू नका. मऊ कुंचल्याने धूळ झटका. मग दिवसाच्या उजेडात, उन्हात न नेता, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा. यापुढचा सगळा अभ्यास या फोटोंवर करायचा, मूळ कागद पुन्हापुन्हा हाताळायचे नाहीत.

सर्वांत मोठा धोका लॅमिनेशनचा. माझ्या चुलतभावाने प्रेमाने तीन कागद लॅमिनेट करून आणले आणि वर्षभरात त्यांतला एक आतल्या आत पिवळा पडून डागाळला. आता तो प्लॅस्टिकमधून काढताही येत नाही. चिकटपट्टीसुद्धा लावू नका, तिचा गोंद कागदात उतरतो. कसर लागलेली दिसली तर ते कागद बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि एखाद्या जाणकाराला दाखवा.

२. दुपारची वेळ बांधून घ्या

ही पायरी लहान वाटेल, पण मोडी सोडून देणारे बहुतेक जण मी इथेच अडकलेले पाहिले. निवृत्त माणूस घरात दिसला की सगळ्यांना वाटतं, हा मोकळा आहे. गॅसचं सिलिंडर घ्यायला थांबा, नातवाला क्लासला सोडा, शेजारच्यांची किल्ली ठेवून घ्या. ही कामंही आपलीच आहेत, मी ती आनंदाने करते. पण दोन ते साडेतीन मी मोडीला बसते, हे मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. आठ दिवस कुरकुर झाली. नवव्या दिवशी ह्यांनी स्वतः फोन उचलून सांगितलं, "ती आत्ता बसलीय, साडेतीननंतर करा."

दीड तासापेक्षा जास्त बसू नका. डोळे दमले की मन अंदाजाने वाचायला लागतं, आणि अंदाजाने वाचलेली मोडी चुकलेलीच समजा. सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या. माझा मोतीबिंदू पिकायला लागला होता आणि मी दोन महिने अक्षरांना दोष देत होते.

रोज थोडं, हे महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा चार तास बसलात तर मागचं सगळं विसरलेलं असतं.

३. लागणारं सामान

यादी छोटी आहे: एकरेघी वह्या दोन, शिसपेन्सिली, हातात धरायचं चांगलं भिंग, डाव्या बाजूने प्रकाश देणारा टेबललँप, बाराखडीचा छापील तक्ता आणि एक जाड रजिस्टर. बोरू आणि शाई मिळाली तर जरूर घ्या. तिरकी कापलेली बोरूची जीभ कुठे जाड उमटते आणि कुठे बारीक, हे हाताला कळलं की जुन्या लेखकाचा हात कसा फिरला ते डोळ्यांनाही कळतं. पण बोरूवाचून अडत नाही.

फोटो बघायला मोबाइलपेक्षा टॅब किंवा लॅपटॉप बरा. अक्षर बोटाएवढं मोठं करून बघता येतं.

मोडीचा फॉन्टही मिळतो, २०१४ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली. पण नवशिक्यांनी फॉन्टवर फार वेळ घालवू नये. फॉन्टमधलं अक्षर प्रत्येक वेळी सारखंच दिसतं आणि हातचं तसं कधीच नसतं. फॉन्ट वाचता येणारे लोक खऱ्या कागदापुढे गप्प बसलेले मी पाहिले आहेत.

४. पहिले सहा आठवडे फक्त लिहा

मोडी वाचायला शिकायची असेल तर आधी लिहायला शिका. माझ्या वर्गातल्या गुरुजींनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी ते दोन आठवडे मनावर घेतलं नाही.

कारण साधं आहे. ही लिपी भराभर लिहिण्यासाठी वापरात होती. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि त्यावर रेघ मारतो. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. हात कमीत कमी उचलायचा असल्यामुळे एक अक्षर पुढच्यात शिरतं. 'र' तर आधीच्या अक्षराला जोडला की ओळखू येत नाही इतका बदलतो. हे जोड नुसते बघून पाठ होत नाहीत, हाताने गिरवले की कळतात.

पहिले दोन आठवडे मुळाक्षरं. पुढचे दोन बाराखडी. शेवटचे दोन आठवडे रोज वर्तमानपत्रातल्या पाच ओळी मोडीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी आपलंच लिहिलेलं वाचा. आपलं स्वतःचं अक्षर वाचताना जिथे अडाल, त्या जागा वहीच्या शेवटच्या पानावर टिपा. तीच तुमची घोटाळ्याच्या अक्षरांची यादी. प्रत्येकाची वेगळी असते, दुसऱ्याची घेऊन उपयोग नाही.

तीन गोष्टी सुरुवातीलाच पक्क्या ध्यानात ठेवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरून ठरवायचं. विरामचिन्हं नसतात. आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, सगळी ओळ एकसंध. मला 'मौजेमजकूर' या अक्षरांनी तीन दिवस छळलं. मी त्यात मौजमजा शोधत होते. तो शब्द 'मौजे मजकूर', म्हणजे 'वर सांगितलेलं गाव'. जमिनीच्या कागदात तो पावलोपावली येतो.

५. वर्ग लावावा की घरी शिकावं?

शक्य असेल तर वर्ग लावा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ ही १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलेली संस्था आहे. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. अनेक शहरांत ग्रंथालयं, महाविद्यालयं आणि इतिहासप्रेमी मंडळं अधूनमधून मोडीचे वर्ग घेतात. ऑनलाइन वर्गही निघतात. मुलांकडे परदेशी सहा महिने जाऊन राहणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार होतो. आमच्या गटातल्या एक बाई मुलीकडे न्यू जर्सीला असतात तेव्हा तिथल्या सकाळी आमच्याबरोबर वाचायला बसतात. बर्फात बाहेर पडता येत नाही ते दिवस त्यांना जड जात नाहीत, असं त्या सांगतात.

वर्गाला पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: खरे कागद वाचून घेणार का? नुसती बाराखडी शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गात मी एकदा फसले. प्रमाणपत्र हातात होतं आणि पेटीतला एकही कागद लागत नव्हता.

६. पहिला कागद कोणता घ्यावा

शिवकाळातलं पत्र वाचावं असं सगळ्यांना वाटतं. तिथून सुरुवात करू नका. मोडीचं वळण काळाप्रमाणे बदलत गेलं आहे. शिवकालीन वेगळं, पेशवेकालीन वेगळं, इंग्रजी अमदानीतलं आणखी वेगळं. नवशिक्याने उलट्या दिशेने जावं: आधी १९०० च्या आसपासचे कागद, मग मागे मागे.

खरेदीखत, गहाणखत, भाडेचिठ्ठी असे कागद सर्वांत सोपे. त्यांचा साचा ठरलेला असतो. लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, कारण काय, रक्कम किती, चतुःसीमा कोणत्या, साक्षीदार कोण. पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला ओढा, असं पुढे येणार हे माहीत असलं की अडलेलं अक्षर सुटतं. शिवाय गावाचं नाव आणि आडनाव तुम्हाला ठाऊकच असतं. आधी तेच शोधा. तुमच्या आडनावातली तीन-चार अक्षरं त्या लेखकाच्या हातची कळली की ती कागदभर ओळखू येतात.

एक कागद असा वाचा. पहिल्या दिवशी जे सरळ लागतं तेवढंच रजिस्टरात बाळबोधीत उतरवा आणि अडलेल्या जागी टिंबं द्या. दुसऱ्या दिवशी ती टिंबं भरायचा प्रयत्न करा. तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. डोळ्याला न लागलेला शब्द कानाला लागतो, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे. भरलेली जागा अंदाजाची असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका, आणि ते टाकायला कधीही संकोचू नका. बँकेत आम्ही सही ताडून बघायचो तेव्हा शंका असेल तर चेक थांबवायचो. इथेही तोच नियम लावते.

पेशवेकालीन पत्रांकडे वळण्याआधी त्यांची भाषा कानात बसवून घ्या. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांतून, निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले, ते बाळबोधीत आहेत. मोठ्या ग्रंथालयात मिळतात. रोज दोन पत्रं मोठ्याने वाचा. 'उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे', 'बहुत काय लिहिणे', 'जाणिजे', 'मोर्तब सूद' ही ठरलेली वळणं पाठ झाली की मोडी पत्राची सुरुवात आणि शेवट अर्धा आपोआप सुटतो. फारसी वळणाचे शब्द अडले तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची १८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट बघता येते.

७. तारीख सोडवणं

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, आणि मला सर्वांत गोडी इथेच लागली.

जुन्या कागदांवर इंग्रजी सन बहुधा नसतो. शालिवाहन शक असेल तर सोपं: चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीची. पौष जानेवारीत आला होता, म्हणून १६८२ अधिक ७९, १७६१.

पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९.
दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०.
पुढे: मया १००, मयातैन २००, अलफ १०००.

वाचायचं उलटं, एकं आधी. 'सन इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सुहूर ११६१. हे वर्ष मृग लागताना, साधारण जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीत झालं, ११६१ अधिक ६००, पुन्हा १७६१. दोन वेगळ्या वाटांनी एकच साल आलं तेव्हा मी एकटीच टेबलापाशी उभी राहिले होते.

फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष, हाही असाच जूनच्या सुमाराला बदलतो, त्यात आपल्याकडे ५९० किंवा ५९१ मिळवतात. तारखेआधी नुसता 'छ' दिसला तर तो चंद्राचा, पुढे मुसलमानी महिना येणार: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. ही नावं पाठच करा.

इथला सापळा असा: तारीख लागली नाही तर 'असेल शिवाजी महाराजांच्या काळातलं' असं घरचे लोक ठरवून टाकतात आणि तसं नातेवाइकांत पसरतं. तारीख सुटेपर्यंत काळ सांगू नका.

८. उभ्या रेघा

दोन उभ्या रेघांचं जरा सांभाळा. अक्षरानंतर '॥' आली तर शब्द तोडून लिहिला आहे, जसं 'मु॥' म्हणजे मुक्काम. पण आकड्यानंतर आली तर ती अर्धा दाखवते. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. मी एका गहाणखतात २॥ रुपये व्याजाचे २११ वाचले आणि दोन दिवस त्या सावकारावर चिडून होते. हिशेबाला बसण्याआधी हेही लिहून ठेवा: रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी.

९. दफ्तरखान्यात जाताना

घरचे कागद संपले किंवा मुळातच नव्हते, तर सरकारी पुराभिलेखागारं, म्हणजे जुने कागद जपून ठेवणारे दफ्तरखाने, आहेत. पुण्याचं पेशवे दफ्तर सर्वांना माहीत असतं, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, कोल्हापुरातही आहे. दूर तंजावरच्या सरस्वती महालातही तिथल्या मराठी राजांचे मोडी कागद आहेत.

बरोबर घ्या: ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, काय बघायचं आणि कशासाठी हे लिहिलेला साधा अर्ज, शिसपेन्सिल, कोरी वही, भिंग, पाण्याची बाटली बाहेर ठेवायला पिशवी. निघण्याआधी फोन करून वेळा, सुट्ट्या आणि फोटो काढू देतात का ते विचारा. 'सगळं दाखवा' असं म्हणू नका. गाव, परगणा (तेव्हाचा तालुक्यासारखा विभाग) आणि साधारण काळ सांगितला तरच रुमाल मिळतो. एका ठिकाणी माझे तीन हेलपाटे फुकट गेले, कारण मी आजच्या तालुक्याचं नाव सांगत होते आणि दोनशे वर्षांपूर्वी ते गाव दुसऱ्याच परगण्यात होतं.

१०. दुसऱ्यांचे कागद हातात आले की

तुम्हाला मोडी येते हे कळलं की लोक येणारच. विशेषतः २०२३ पासून, कुणबी नोंदी शोधण्याचं काम सरकारने हाती घेतल्यावर, मोडी वाचणाऱ्यांना सतत विचारणा होते. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, तिची जुनी पानं घेऊन लोक फार आशेने दारात उभे राहतात.

या वेळी खूप जपा. कोणाचाही मूळ कागद घरी ठेवून घेऊ नका, फोटो घ्या. जे लिहिलं आहे तेच सांगा. समोरचा माणूस एखादा शब्द ऐकायला आतुर असतो आणि अस्पष्ट अक्षर त्याच्या बाजूने वाचावं असं आपल्यालाही वाटतं. तसं करू नका, त्या एका अक्षरावर कोणाचं तरी शिक्षण किंवा जमीन अवलंबून असते. दाखल्यासाठी किंवा कोर्टासाठी लिप्यंतर हवं असेल तर ते कोणाचं ग्राह्य धरतात, हे त्या कार्यालयातच विचारून यायला सांगा.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पेटीतून वतनाची सनद किंवा गुप्तधन बहुधा निघत नाही. आमच्या पेटीतून कर्जं निघाली. माझ्या खापरपणजीने नवऱ्यामागे दोन मुलांना घेऊन विहिरीजवळचं शेत साठ रुपयांना गहाण टाकलं होतं. सही येत नसल्यामुळे तिच्या नावापुढे 'हातची निशाणी' आणि बांगडीची खूण. नऊ वर्षांनंतरच्या दुसऱ्या कागदावर तेच शेत सोडवून घेतल्याची नोंद आहे आणि तिथेही तीच बांगडी. तिचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. आता वंशावळीत ते लिहिलं आहे.

वाचून झालेल्या प्रत्येक कागदामागे रजिस्टरात इतकं लिहा: क्रमांक, कागदाचा प्रकार, मूळ तारीख आणि तिचा इंग्रजी सन, गाव, माणसांची नावं, दोन ओळींत मजकूर, आणि न लागलेले शब्द. रजिस्टराची एक झेरॉक्स मुलांकडे, एक माहेरी ठेवा. मूळ कागद धुतलेल्या सुती रुमालात पूर्वीच्याच क्रमाने बांधा आणि वर चिठ्ठी खोचा, बाळबोधीत, मोठ्या अक्षरात.